उताऱ्यावरचं नाव

मृगाचा पाऊस लागला होता. खानापूरच्या कचेरीच्या व्हरांड्यात आम्ही छत्र्या मिटून उभे होतो आणि आत्याच्या हातात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला शेताचा उतारा होता. उतारा कन्नडमध्ये. आत्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, तिला त्यातलं एक अक्षर लागत नाही. पण आजोबांचं नाव कुठल्या रकान्यात आहे ते तिला पाठ आहे. त्या जागेवर बोट ठेवून ती म्हणाली, "हितं बाबा हाईत बघ."

आजोबा जाऊन तीस वर्षं होत आली. मधल्या काळात ते शेत चुलत्यांनी केलं, मग शेजाऱ्याला वाट्यानं दिलं, मग दोन वर्षं पडीक राहिलं, मग कुणीतरी त्यात रताळी लावली. कागदावर मात्र मालक आजोबाच. मेलेल्या माणसाच्या नावावर कर्ज मिळत नाही, भरपाई मिळत नाही, बांधावरून भांडण झालं तर बोलायला कुणी नाही. वारसांची नावं लावायच्या या कामाला कर्नाटकात पौती खातं म्हणतात. मराठीतल्या फौतीचंच हे भावंड. वंशावळ काढायची, मृत्यूचा दाखला जोडायचा, सगळ्या वारसांच्या सह्या घ्यायच्या, हरकत असल्यास कळवा म्हणून नोटीस लागते. काम अवघड नाही. अवघड होतं ते आत्याला तयार करणं. "मी सही करतो, पण आज नको," असं म्हणत तिनं पाच वर्षं काढली. खोदून विचारलं तेव्हा एकदाच म्हणाली, "नाव काढलं की बाबा गेले की रं."

संध्याकाळी बेळगावात अनगोळला घरी आलो तर लाईट गेलेली. लॅपटॉपमध्ये थोडी बॅटरी होती. मी एक अर्ज लिहायला बसलो, जो मी स्वतः चार वर्षं टाळत आलो होतो. तोही नाव काढायचाच होता. डेबियन नावाच्या लिनक्स वितरणातून एक पॅकेज काढून टाका, अशी विनंती. त्या पॅकेजच्या मेंटेनरच्या रकान्यात माझं नाव होतं.

ज्यांचा लिनक्सशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लिनक्स ही विंडोजसारखी संगणक चालवणारी प्रणाली, पण सगळ्यांसाठी मोकळी. वितरण म्हणजे एक मोठं कोठार. सॉफ्टवेअर लिहिणारे जगभर कुठेकुठे बसलेले असतात. त्यांना अपस्ट्रीम म्हणतात. त्यांनी लिहिलेलं आणायचं, निवडायचं, पाखडायचं आणि बाकीच्यांशी जुळेल असं बांधून, म्हणजे त्याचं पॅकेज करून, कोठारात ठेवायचं, हे काम मेंटेनरचं. मलप्रभा कणकुंबीला उगवते, पण सौंदत्तीच्या धरणाखालच्या शेतकऱ्याला कणकुंबीत काय चाललंय याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला पाटात पाणी पाहिजे. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याचं तसंच. उगम आटलाय हे त्याला फार उशिरा कळतं, कारण मधे धरण असतं आणि धरणात पाणी दिसत असतं.

डेबियन १९९३ पासून चालू आहे, आणि ते स्वयंसेवकांच्या जिवावर. जून २०२३ मध्ये त्याची बारावी आवृत्ती आली तेव्हा तिच्यात ६४,४१९ पॅकेजेस होती. तेरावी ९ ऑगस्ट २०२५ ला, राखी पौर्णिमेच्या दिवशी आली, तिच्यात ६९,८३०. हे आकडे सगळे मिरवतात. त्याच घोषणेत शेजारी आणखी एक आकडा असतो, कालबाह्य म्हणून काढून टाकलेल्या पॅकेजेसचा. बाराव्या वेळी ६,२९६ हून जास्त, तेराव्या वेळी ८,८४० हून जास्त. मी आता तोच आधी वाचतो. त्या ८,८४० मध्ये एक माझं आहे.

त्याचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. काम एवढंच होतं: जुन्या मराठी फॉन्टात टाईप केलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या एकाच मांडणीत, आणणं. डीटीपीच्या दुकानात ज्यांनी कधी पाऊल टाकलंय त्यांना हे दुखणं माहीत असेल. युनिकोड रुळायच्या आधी ज्याचा त्याचा फॉन्ट आणि ज्याची त्याची मांडणी. श्रीलिपीची वेगळी, आयएसएमच्या डीव्हीबी फॉन्टांची वेगळी, शिवाजीची वेगळी, कृतिदेवची आणखी वेगळी. संगणकाच्या लेखी ती सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच. फॉन्ट काढून घेतला की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी नुसता केरकचरा. कन्नडवाल्यांचं या बाबतीत बरं होतं. त्यांच्या सरकारनं नुडी प्रमाण मानली, त्यामुळे त्यांना बरंचसं एकच कोडं सोडवायचं होतं. आमच्यात गल्लीगणिक वेगळं. (एरवी सीमाभागात असं काही मोठ्यानं बोलायची सोय नाही, पण खरं ते खरं.)

अक्षराला अक्षर बदललं की झालं, असंही नाही. जुन्या फॉन्टात डोळ्याला दिसेल त्या क्रमानं टाईप व्हायचं. 'कि' लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा, आधी क, मग वेलांटी. रफाराचं याच्या उलट. 'सूर्य' लिहिताना रफार य च्या डोक्यावर बसतो म्हणून जुन्या फॉन्टात तो य नंतर यायचा. उच्चारात र् आधी. तेव्हा प्रत्येक वेलांटी पुढे ढकलायची, तीही नुसत्या एका व्यंजनापुढे नाही, अख्ख्या जोडाक्षरापुढे ('स्थिती'तली पहिली वेलांटी स् आणि थ दोघांना ओलांडून जाते), आणि प्रत्येक रफार उचलून मागे आणायचा. हे वाचायला सोपं वाटतं. 'वर्षातून'पाशी आलात की कळेल.

मी या कामात शिरलो एका शब्दापायी. वऱ्हाड.

बेळगावच्या शहापुरात अण्णांचा छापखाना आहे, लग्नपत्रिकांचा. इंजिनिअरिंगला असताना सुट्टीत मी तिथे बसायचो. अण्णांचा संगणक बिघडला तेव्हा मी त्याच्यावर डेबियन चढवून दिलं. का, ते विचारू नका. त्या वयात जगातल्या सगळ्या संगणकांवर लिनक्स चढवावंसं वाटतं. शेकड्यांनी जुन्या पत्रिकांचं मॅटर त्यांच्याकडे जुन्या फॉन्टात पडलेलं. एकाच घराण्याची नावं, तेच कुलदैवत, तेच 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' पुन्हा पुन्हा लागणार, म्हणून हा कन्व्हर्टर बसवला. पहिल्याच पत्रिकेत 'वऱ्हाडी मंडळी'चं 'वर्हाडी मंडळी' झालं. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "वऱ्हाडाच्या डोक्यावर हे शिंग कसलं उगवलं की?"

असा आडवा र हिंदीत नाही, त्यामुळे हिंदीवरून बेतलेल्या साधनांना तो ठाऊकच नसतो. कुऱ्हाड, दऱ्या, पुऱ्या, सगळ्यांना शिंगं. युनिकोडमध्ये त्याच्यासाठी खाली टिंब असलेला वेगळा ऱ घ्यावा लागतो. मी मूळ लेखकांना मेल लिहिली, सोबत सात ओळींची दुरुस्ती. दोन दिवसांत उत्तर आलं, दुरुस्ती घेतली गेली, आभारांच्या यादीत माझं नाव लागलं. पुढे डेबियनमध्ये ते सांभाळणाऱ्यांना वेळ होईना तेव्हा मीच मागून घेतलं. थेट अपलोड करायचा हक्क मला नव्हता; दर वेळी एका अनुभवी माणसाला तपासून अपलोड करा म्हणून विनवायचं. तरी मेंटेनरच्या रकान्यात नाव माझं. त्या रात्री मी ते पान आईला दाखवलं. ती म्हणाली, "पगार किती?"

काही वर्षांनी मूळ लेखकांची उत्तरं यायची थांबली. मग त्यांच्या संकेतस्थळाच्या नावाचे पैसे कुणी भरले नाहीत आणि तिथे जुगाराच्या जाहिराती आल्या. अपस्ट्रीमनं नवीन आवृत्ती काढली का ते बघायला डेबियनमध्ये पॅकेजसोबत वॉच नावाची छोटी फाईल असते. माझी वॉच फाईल इमानेइतबारे त्या जुगाराच्या अड्ड्यावर जाऊन विचारून यायची, नवीन काही आलंय का.

उगम आटला होता. धरणात पाणी होतं, कारण मी ते बादलीनं भरत होतो. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीचा, पायथन २ चा, पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपणार हे ठरलेलं होतं. मुळात तारीख २०१५ ची; लोकांची तयारी नाही म्हणून पाच वर्षं वाढवून दिली, तरी धावपळ शेवटच्या महिन्यातच झाली. माझं पॅकेज त्याच पायथन २ मधलं. २०१९ च्या डिसेंबरात बेळगावच्या थंडीत कानटोपी घालून ते पायथन ३ वर आणलं. खिडक्या आणि बटणं जीटीके २ या तयार संचावर होती, ती ३ वर नेली. अपस्ट्रीम नाही, तेव्हा हे सगळे बदल ठिगळांसारखे वरून लावायचे. डेबियनमध्ये अशी ठिगळं एकावर एक सांभाळणाऱ्या साधनाचं नावच क्विल्ट आहे. आपली वाकळ. आमच्या भागात कौदीपण म्हणतात. वाकळीच्या आत निदान एक अख्खं लुगडं असतं. माझ्या पॅकेजात नंतर नंतर अशी गत झाली की आतलं मूळ कापड कुठलं, ते हाताला लागेना.

आता कबुली. २०२१ नंतर मी त्याच्यात खरं काम जवळजवळ केलंच नाही. नोकरी, लग्न, वडिलांचं आजारपण. कारणं कुणाकडे नसतात? पण नाव काढवेना. मग मी एक युक्ती करायचो, जी मी एकट्यानंच शोधलेली नाही. डेबियनच्या पॅकेज बांधायच्या नियमावलीला आवृत्ती क्रमांक असतो, आणि आपलं पॅकेज कितव्या आवृत्तीप्रमाणे आहे ते स्टँडर्ड्स-व्हर्जन नावाच्या एका ओळीत लिहायचं असतं. वर्षातून एकदा ती ओळ बदलायची, नोंदवहीत 'अन्य बदलांची गरज नाही' असं लिहायचं, आणि अपलोडला द्यायचं. पॅकेजच्या पानावर ताजी तारीख येते. पडक्या वाड्यासमोर रोज सकाळी सडा घालून यावं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं आत माणसं राहतात, तसं. आत चार त्रुटी नोंदलेल्या पडून होत्या. एकीलाही मी उत्तर दिलं नव्हतं.

बेवारस पॅकेजपेक्षा असं पॅकेज वाईट, हे मी आता छातीवर हात ठेवून सांगतो, कारण मत स्वतःवरूनच बनवलंय. बेवारस म्हणून एकदा जाहीर झालं की निदान सगळ्यांना माहीत होतं. मेंटेनरनं सोडलं की त्या पॅकेजच्या नावानं ऑर्फनचा 'ओ' लागलेली नोंद उघडते, मेंटेनरच्या जागी गुणवत्ता बघणाऱ्या क्यूए गटाचं सामायिक नाव येतं, ज्याला पाहिजे त्यानं पुढे यावं. पण नावाचा माणूस आहे आणि हात लावत नाही, अशा ठिकाणी बाहेरच्यानं शिरायचं कसं? डेबियननं २०१८ मध्ये त्याचीही रीत घातली. पॅकेज वाचवायचा इरादा जाहीर करायचा, २१ दिवस थांबायचं, मेंटेनरनं हरकत घेतली नाही तर पुढची पावलं उचलायची. खानापूरच्या नोटिशीसारखंच. माझ्या पॅकेजसाठी असा इरादा कुणी जाहीर केला नाही. खरं सांगायचं तर जरा अपमान वाटला.

बाकीच्यांच्या रीती वेगवेगळ्या. फेडोरात सहा आठवडे वाली मिळाला नाही की पॅकेज निवृत्त, आणि त्याच्या जागी डेड डॉट पॅकेज नावाची एक फाईल उरते, आत कारण लिहिलेलं. जेंटूवाले तर शब्दच लास्ट राइट्स वापरतात, अंत्यविधी. पॅकेज झाकून ठेवतात, साधारण ३० दिवस वाट बघतात, मग काढतात. आपल्याकडे तेराव्यालाच आटोपतं.

"असू दे की एका कोपऱ्यात, काय खातंय का?" हे मीच स्वतःला विचारायचो. खातंय. आमचं गावचं घर खानापुरी कौलांचं. पावसाआधी शाकारायला गडी यायचे तेव्हा आजोबा एकेक कौल वाजवून बघायचे. फुटकं कौल राहिलं तर पाणी त्याच्याखाली गळतं असं नाही. वाशावरून वाहत जाऊन तिसऱ्याच खोलीत टपकतं, आणि माणसं त्या खोलीचं छप्पर तपासत बसतात. कोठारात पायथनची आवृत्ती किंवा एखादी लायब्ररी बदलायची तर तिच्यावर टेकलेलं सगळं पुन्हा बांधून बघावं लागतं. त्यात माझ्यासारख्याचं एक अडलं की ती बदली करणारा माणूस, ज्याचा मराठीशी काही संबंध नाही, रात्री जागून माझ्या वाटणीची दुरुस्ती लिहितो. मला तशी एक आली होती. पाठवणाऱ्याला देवनागरी वाचता येत नव्हती. चाचणीतला 'वऱ्हाड' हा शब्द त्यानं चित्राशी चित्र लावावं तसा जुळवून बघितला होता, आणि तसं मेलमध्ये प्रामाणिकपणे लिहिलं होतं. मी आभार मानायला सहा महिने लावले.

मग दुसऱ्या कुणाला देऊन टाक, असं एक मित्र म्हणाला. पूर्वी दिलंही असतं. पण मार्च २०२४ नंतर देताना हात आखडतो. एक्सझेड नावाचं फाईल दाबून लहान करायचं साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं, आणि ते एक थकलेला माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. त्याच्या मदतीला एक जण आला. दोन वर्षांहून जास्त काळ त्यानं नीट काम केलं, विश्वास मिळवला, किल्ल्या हातात आल्यावर ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. दूरच्या मशीनमध्ये एसएसएचनं शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या एवढ्याशा गोष्टीचा एका माणसानं पिच्छा पुरवला म्हणून २९ मार्चला ते बाहेर आलं. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या अजून तयारीत असलेल्या शाखांपर्यंत ते पोचलं होतं. स्थिर आवृत्तीत नव्हतं. माझ्या कन्व्हर्टरसाठी कुणी दोन वर्षं गोड बोलत बसणार नाही, हे मला कळतं. पण ज्याला मी ओळखत नाही त्याला लोकांच्या घराची किल्ली देणं आणि वर 'बरं झालं, वाली मिळाला' म्हणणं, ते आता जमत नाही.

शेवटी पायथननंच गळा धरला. ३.१२ मध्ये बांधणीला लागणारं डिस्टयुटिल्स गेलं, ते मी कसंबसं शिवलं. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये पायथनच्या स्वतःच्या संग्रहातली १९ मॉड्यूल, म्हणजे तयार तुकडे, एकदम काढली गेली. त्या प्रस्तावाच्या शीर्षकातच त्यांना मेलेल्या बॅटऱ्या म्हटलं होतं. त्यातलं पाइप्स माझ्याकडे जागोजाग वापरलेलं. पॅकेज बांधलं जाईना, गंभीर त्रुटी नोंदली गेली, मुदत उलटली, आणि टेस्टिंगमधून ते आपोआप बाहेर पडलं. होळीच्या सुमाराला, १५ मार्च २०२५ ला, तेराव्या आवृत्तीसाठी गोठवणी, म्हणजे मोठे बदल टप्प्याटप्प्यानं थांबवणं, सुरू झाली तेव्हा आम्ही बाहेरच होतो. पाइप्स काढून दुसरं घालणं दोन तासांचं काम होतं. फार तर तीन. मी बसलो नाही. एक रविवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या रविवारी कुंदा आणायला बाहेर पडलो तेव्हा मला कळलं की मी बसणार नाही.

तर ती मृगाची संध्याकाळ. काढायच्या आधी आपल्यावर कोण टेकलंय ते बघायचं असतं. भिंत पाडायच्या आधी तुळई कुठे आहे ते बघतात तसं. बघितलं. एकही पॅकेज टेकलेलं नव्हतं. मग पॉपकॉन बघितला. कुठलं पॅकेज किती मशीनवर आहे याचा अंदाज देणारी ती सोय, पण ज्यांनी स्वतःहून चालू केली त्यांनाच ती मोजते. आकडा दोन अंकीसुद्धा नव्हता. पण पॉपकॉनला अण्णा कसे दिसणार? त्यांच्या त्या मशीनला इंटरनेटच नाही. चार वर्षं मी सडा घालत होतो तो अण्णांसाठी, असंच मी स्वतःला समजावत आलो होतो.

कोठारातून काढलं म्हणून लोकांच्या घरातलं जात नाही, हे इथे सांगायला पाहिजे. बसवलेलं पॅकेज बसलेलंच राहतं, फक्त त्याला पुढे कुणी पुसणार नाही. शिवाय २००५ पासूनची जुनी पॅकेजेस स्नॅपशॉट नावाच्या संग्रहात तारीखवार ठेवलेली आहेत. ज्याला खोदायचं त्यानं खोदावं. पण अण्णांचं मशीन ३२ बिटांचं, आणि तेराव्या आवृत्तीपासून डेबियननं त्या जातीच्या संगणकांसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, देणं बंद केलंय. ते मशीन गेलं की गेलं. तेही ऐन लग्नसराईत गेलं तर?

विनंतीचं शीर्षक ठरलेल्या साच्यात लिहायचं असतं. आरएम, मग पॅकेजचं नाव, मग आरओएम, म्हणजे खुद्द मेंटेनरच्या सांगण्यावरून, आणि पुढे कारण. मी लिहिलं: अपस्ट्रीम नाही; पायथन ३.१३ वर बांधलं जात नाही. मेंटेनरकडून काम होत नाही. तिसरं कारण खोडलं. पुन्हा लिहिलं. बॅटरी तीन टक्क्यांवर असताना पाठवून दिलं आणि अंधारात बसून राहिलो. बाहेर पागोळ्या.

काही दिवसांनी कोठार सांभाळणाऱ्या एफटीपी टीममधल्या कुणीतरी ते हातानं काढलं. उरलेल्या त्रुटी त्याबरोबर आपोआप मिटतात. मिटवताना आवृत्तीच्या क्रमांकाला 'अधिक आरएम' असं शेपूट लागतं. माझ्या चारांपैकी एक नऊ वर्षांची होती. 'ळ ला दिलेला उकार सरकतो.' ती सुटली नाही, मिटली.

त्यानंतर मी तक्रारीची वाट बघत बसलो, पिंड ठेवून कावळ्याची बघतात तशी. तेरावी आवृत्ती आली. गणपती झाले, दसरा झाला. कावळा काही शिवला नाही. बाबा रे, ते पॅकेज कुठे गेलं, असं एकाही माणसानं विचारलं नाही.

मधल्या काळात आत्याचं काम झालं. नवीन उताऱ्यावर सहा नावं, त्यात तिचं. मी वाचून दाखवलं, तिनं स्वतःच्या नावावर बोट ठेवलं, थोडा वेळ तसंच ठेवलं. मग विचारलं, "आणि बाबा?"

"जुन्या फेरफाराच्या वहीत आहेत की. ते कुठं जात नाहीत."

"मग त्याची एक झेरॉक्स काढून आण जा."

आणली. ती आता दुधाच्या पिशवीत असते. नवा उतारा कुठे ठेवलाय ते मात्र तिला विचारल्याशिवाय आठवत नाही.

तुळशीचं लग्न झाल्यावर अण्णांकडे गेलो. आत्याच्या नातवाचं लग्न ठरलं होतं, पत्रिकेचं प्रूफ आणायचं होतं. मुलगी हुक्केरीकडची, कन्नड घरातली, म्हणून पत्रिका दोन्ही भाषांत. शहापूरपर्यंत गाडीवर मी वाक्यं जुळवत होतो. अण्णा, ते तुमचं सॉफ्टवेअर आता डेबियनमध्ये नाही. पण तुमच्या मशीनवर राहील. मशीन गेलं तर मी आहे, काळजी करू नका.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. पोराला चहा सांगितला. मग म्हणाले, "कुठलं रे? ते कन्व्हर्टर?"

"होय."

"अरे, ते सोडून तीन वर्षं झाली की. आता लोकं मॅटर व्हॉट्सअपवर पाठवतात, टाईप कोण करतंय? जुनं काय लागलं तर धाकटा मोबाईलवर करतो."

"मग मला बोलला नाहीत ते?"

"तू दर लग्नसराईला येऊन विचारत होतास, अण्णा चालतंय का म्हणून. म्हटलं पोरगं एवढं करतंय आपल्यासाठी, कशाला मोडता घालायचा. चालतंय की म्हणायचो." आणि कोपऱ्यातल्या मशीनवरचं प्लास्टिक त्यांनी बाजूला सारलं. "आयकॉन ठेवलाय बघ अजून."

आयकॉन खरंच होता. क्लिक केलं तर जरा वेळानं उघडलासुद्धा. माझी वाकळ तिथे अजून शाबूत होती. एक ओळ टाकून बघितली, वेलांट्या पुढे गेल्या, रफार मागे आले. बंद केलं.

चहा आला. अण्णांनी प्रूफ पुढ्यात ठेवलं. कन्नडची बाजू स्वच्छ. मराठीच्या बाजूला कुलदैवत बरोबर, मुहूर्त बरोबर, आत्याचं नाव प्रेषकांत बरोबर. खालून तिसऱ्या ओळीत 'वर्हाडी मंडळींनी वेळेवर उपस्थित राहावे.' शिंगासकट.

"अण्णा, हे बघा."

"कोण वाचतंय की तेवढं."

टेबलावर लाल पेन्सिल होती. ह च्या डोक्यावरचं खोडलं आणि समासात मोठं, टिंब स्पष्ट दिसेल असं लिहिलं: ऱ. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला.

"हा मोबाईलवर कुठं मिळतो," ते म्हणाले, "तेवढं धाकट्याला दाखवून जा."